आकाशातून उतरणारी स्त्री रंगवताना: ड्यूलॅक, रॅकहॅम, नील्सन यांच्याकडून काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: मुलांच्या पुस्तकासाठी कथा आहे, तिच्यात तारकालोकातून एक स्त्री खाली उतरते. चित्रं जलरंगात करायची आहेत आणि १९०५ ते १९३० या काळात इंग्लंड-अमेरिकेत निघालेल्या परीकथांच्या पुस्तकांचा बाज हवा आहे. पंख, तेजोवलय, चमचमते तारे सगळं घातलं तरी आकृती कॅलेंडरवरच्या देवीसारखी जड दिसते. ती हलकी, दूरची, रात्रीतून उमटल्यासारखी कशी दिसेल?

चूक बहुतेक वेळा आकृतीत नसते, तिच्या भोवती असते. ड्यूलॅक, रॅकहॅम, नील्सन या त्या काळच्या चांगल्या पुस्तक-चित्रकारांनी स्वर्गीय स्त्रीवर रंग फार कमी खर्च केला. कागद जवळजवळ कोरा ठेवला आणि सगळी मेहनत अंधारावर केली. आपण नेमकं उलट करतो: आकृती घोटून घोटून पूर्ण करतो आणि मग मागे निळा रंग भरून टाकतो.

कॅलेंडरची आठवण का येते तेही पाहू. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून रंभा, मेनका, तिलोत्तमा घरोघरी पोचल्या. ही चित्रं तैलरंगाच्या शिस्तीची आहेत. एका बाजूनं येणारा उजेड, गोलाई दाखवणारी छाया, वजनदार वस्त्र, पायाखाली जमीन. त्यामुळे ती स्त्री आपल्यासमोर, आपल्याच खोलीत उभी आहे असं वाटतं. भिंतीवर लावायच्या चित्राला हे शोभतं आणि रविवर्म्यांचं ते मोठं यश आहे. पण तुमच्या कथेतली स्त्री इथली नाही. तिच्या अंगावर तीच गोलाई आणि तीच छाया घातलीत की ती लगेच जमिनीवर येते. आपल्या सगळ्यांचा हात नकळत त्या वळणावर जातो, म्हणून हे आधी ओळखून घ्यायला हवं.

आता ती जुनी चित्रं तशी का दिसतात, ते छपाईतून समजून घ्या. १९०५ साली आर्थर रॅकहॅमचं ‘रिप व्हॅन विंकल’ ५१ रंगीत चित्रांसह निघालं आणि १९०७ साली एडमंड ड्यूलॅकच्या अरबी कथा ५० चित्रांसह. ही पुस्तकं शक्य झाली ती तिरंगी ब्लॉकमुळे. मूळ चित्राचे रंगीत काचांतून तीन वेगवेगळे फोटो घ्यायचे, त्यांचे जाळीदार ठिपक्यांचे तीन धातूचे ब्लॉक करायचे आणि पिवळा, तांबडा, निळा अशा तीन शाया एकावर एक छापायच्या. इतके बारीक ठिपके खरखरीत कागदावर उमटत नाहीत. म्हणून चित्रं गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी छापत, जाड कागदावर वरच्या कडेनं चिकटवत आणि वर पातळ कागदाचं आवरण ठेवत.

या पद्धतीचे दोन परिणाम तुमच्या थेट कामाचे आहेत. पहिला, काळी शाई नव्हती. गडद भाग तीन शायांच्या बेरजेतून यायचा, त्यामुळे रात्र खोल असली तरी मऊ राहायची, तपकिरीकडे किंवा जांभळटाकडे झुकायची. दुसरा, पांढरा भाग खरा पांढरा नसायचा. उजळ जागीही ब्लॉकवर अगदी बारीक ठिपके उरत. कारागिरानं ते हातानं खरवडले नाहीत तर तिथं हलकी झाक यायची. त्या चित्रांतल्या पऱ्यांचं अंग मोत्यासारखं, साईच्या रंगाचं दिसतं त्यात या झाकेचा वाटा मोठा आहे. आज आपण झगझगीत पांढऱ्या कागदावर अंग कोरं सोडतो, तेव्हा ते कापून चिकटवल्यासारखं दिसतं ते ही झाक नसते म्हणून.

रॅकहॅम आणि ड्यूलॅक यांच्यातला फरकही इथं स्पष्ट होतो. रॅकहॅम शाईच्या रेषेवर उभा आहे. तीन ब्लॉक एकमेकांवर केसभर सरकले तरी रेषा चित्र सांभाळते, रंग नुसता तिच्यावरून वाहतो. १९१० च्या त्याच्या ‘ऱ्हाइनगोल्ड’च्या (वाग्नरच्या संगीतनाटकाच्या) चित्रांत नदीकन्यांचं अंग आणि पाणी यांच्या रंगात फारसं अंतर नाही. त्या वेगळ्या दिसतात त्या रेषेमुळे. ड्यूलॅक आला तोवर ब्लॉक बनवणाऱ्यांचा हात बसला होता, म्हणून त्याला रेषा मागे ठेवून रंगाच्या धुक्यातून आकृती काढता आली. १९११ ची हान्स अँडरसनच्या कथांची चित्रं आणि १९१२ ची एडगर ॲलन पो याच्या कवितांची चित्रं शेजारी ठेवून पाहा. निळ्याच्या किती पायऱ्या आहेत आणि त्यांतली सर्वांत उजळ पायरी चित्राचा किती छोटा तुकडा व्यापते, एवढंच मोजा. के नील्सनची १९१३ आणि १९१४ ची पुस्तकं चार रंगांत छापली गेली. त्यामुळे त्याचे सपाट गडद भाग आणि त्यांवरची बारीक नक्षी ठाम उभी राहते. तुमचा हात सजावटीचा असेल तर नील्सन, धुक्याचा असेल तर ड्यूलॅक. दोन्ही एका चित्रात आणू नका, नक्षी धुकं खाऊन टाकते.

चित्रकार सिडनी सायमकडेही बघा, जरी त्याचं काम रंगीत नाही. कथालेखक लॉर्ड डन्सनीच्या १९०५ आणि १९०६ च्या पुस्तकांसाठी त्यानं देवलोक रंगवला. त्यातल्या एका कथेत पहाटेची बालिका इन्झाना आहे, सूर्य हा तिचा सोन्याचा चेंडू. सायमकडून शिकायचं ते प्रमाण. अवकाश प्रचंड ठेवला की आकृतीला दिव्य दिसण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. १८ × २७ सेंमीच्या चित्रात आकृतीची उंची १० ते ११ सेंमीपेक्षा जास्त ठेवू नका. कॅलेंडरमध्ये आकृती चौकट भरून टाकते, हाही जडपणाचा एक भाग आहे. हॅरी क्लार्कची नक्षी (अँडरसन १९१६, पो १९१९) फार मोह घालते. पण तो रंगीत काचकामाचा कारागीर होता आणि त्याचा काळा रंग काचेतल्या शिशासारखा सगळं जखडून धरतो. त्याच्या स्त्रिया गूढ वाटतात, तरंगत मात्र नाहीत.

आता उड्डाण. इथं सर्वांत जास्त घोळ होतो.

पंख की वस्त्र, एकच निवडा. रॅकहॅमच्या पऱ्यांना किड्यांचे पारदर्शक पंख असतात. तसे हवे असतील तर ते खांद्याच्या पात्याजवळून फुटले पाहिजेत आणि आकृतीच्या उंचीइतके तरी लांब हवेत. आखूड पंख शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पोशाखासारखे दिसतात. पण मराठी कथेसाठी वस्त्र बरं, असं स्पष्ट सांगतो. आपल्या आदित्य राणूबाईच्या कहाणीत रानात नागकन्या, देवकन्या वसा वसताना भेटतात. त्यांना पंख आहेत की नाहीत हे कहाणी सांगतही नाही. (सी. ए. किंकेड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या कहाण्या इंग्रजीत आणल्या तेव्हा, १९१४ साली, चित्रं चित्रकार धुरंधरांनी काढली. ते पुस्तक जरूर पाहा.) जपानी कथांतली स्वर्गकन्याही पिसांच्या वस्त्रानं उडते. ती कथा १९१० च्या ‘ग्रीन विलो’ या संग्रहात आहे, चित्रं वॉरविक गोबलची.

आणि वस्त्र-दागिन्यांतून उड्डाण कसं दाखवावं याचा सर्वोत्तम धडा अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आहे. तिथल्या अप्सरेकडे नीट पाहा. धड स्थिर आहे, नजर अर्धी मिटलेली, चेहऱ्यावर कसलीही धावपळ नाही. पण गळ्यातले मोत्यांचे सर छातीवर सरळ लोंबत नाहीत, एका बाजूला झुकले आहेत आणि शिरोभूषणाच्या फिती मागे सुटल्या आहेत. सगळी गती त्या झुकलेल्या सरांत आहे. पंख नाहीत, ढग ढकलणारे हातपाय नाहीत. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या नकला १८९६-९७ मध्ये छापल्या गेल्या आणि लेडी हेरिंगहॅम यांच्या १९१५ मध्ये, म्हणजे आपण बोलतोय त्याच काळात ही अप्सरा लंडनच्या वाचकांपर्यंत पोचली होती.

तुमची स्त्री खाली उतरते आहे, हे विसरू नका. उतरताना हवा खालून येते. म्हणून पदराचं टोक आणि केसांची टोकं वर जातील. वजनदार दागिने अंगाजवळ राहतील, फार तर थोडे उचलले जातील. पदर खाली लोंबता काढला की ती दोरीनं टांगल्यासारखी दिसते आणि हे फार जण करतात. तीन गोष्टींना तीन वेग द्या: केसांची टोकं सर्वांत जास्त वर, पदर त्याहून कमी, दागिने अगदी थोडे. सगळं सारख्याच वळणात काढलं तर हवा वाटत नाही, नक्षी वाटते. नऊवारी नेसवायची असेल तर कासोटा पायांना धरून राहू द्या आणि तरंगायचं काम फक्त पदराला द्या. सगळी साडी फुगवली तर छत्री होते.

पायाची बोटं खालच्या दिशेनं, एक गुडघा किंचित दुमडलेला. जमीन दाखवणार असाल तर पाय आणि जमीन यांच्यात एका डोक्याइतकी तरी जागा सोडा. उंची साडेआठ ते नऊ डोकी (डोक्याच्या उंचीच्या तितक्या पट) ठेवा, पण वाढलेली उंची गुडघ्याखाली घाला. नुसती मान लांबवू नका. व्हर्जिनिया स्टेरेटची १९२० ची फ्रेंच परीकथांची चित्रं यासाठी बघण्यासारखी आहेत. ती तेव्हा जेमतेम २० वर्षांची होती आणि उंच, बारीक आकृत्यांचा तोल तिला अचूक साधला होता.

आता कागदावर. छापील आकार १२ × १८ सेंमी असेल तर १८ × २७ वर काढा, म्हणजे छोटं होताना रेषा आवळते. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), हॉट-प्रेस म्हणजे दाबून गुळगुळीत केलेला, पूर्ण सुती. खरखरीत कागदावर चेहऱ्याचा भाग फुटतो. कागद भिजवून गमटेपनं (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीनं) फळीवर ताणून घ्या. हा टप्पा वगळला तर तिसऱ्या-चौथ्या हाताला कागद फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि आकाशात पट्टे येतात.

आधी ४ × ६ सेंमीची चार-पाच छोटी टिपणं करा, फक्त तीन टोनची (उजळ, मधला, गडद). उजळ भाग एकूण क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त झाला तर आकृती लहान करा किंवा तिचा काही भाग अंधारात सोडा. हे टिपण दोन मीटरवरून ओळखू आलं नाही तर पुढे रंगवून काही उपयोग नाही.

रेखाटन झालं की जलरोधक सेपिया शाई, एक भाग शाईला तीन भाग डिस्टिल्ड पाणी. काळी शाई वापरू नका. रेषा सगळीकडे सारखी नको. वरची पापणी, ओठांमधली फट, हाताची बोटं इथं ती स्पष्ट हवी. नाकाला रेषा नको, नुसती छाया पुरते. पाठीची, पदराची रेषा मध्येच तुटू द्या.

पहिला हात संपूर्ण कागदावर, आकृतीसकट: रॉ सिएना (मातकट पिवळा), वाटाण्याएवढा रंग सुमारे ५० मिली पाण्यात. तिरंगी छपाईनं आपोआप यायची ती झाक ही. पूर्ण वाळू द्या. मग ताऱ्यांसाठी मास्किंग फ्लुइडचे (रंग अडवणाऱ्या, नंतर सोलून काढायच्या द्रवाचे) ठिपके, टाकानं किंवा टूथपिकनं. ते या झाकेवर द्यायचे, म्हणजे तारेही साईच्या रंगाचेच येतील. अर्ध्या, एक आणि दोन मिलिमीटरचे ठिपके ठेवा, बहुतेक अर्ध्याचेच. चेहऱ्याभोवती एका डोक्याच्या अंतरात एकही तारा नको, नजर फाटते. ब्रश झटकून उडवलेले तारे सोपे वाटतात, पण ते नको तिथं, नाकावर आणि पदराच्या कडेवर, जाऊन बसतात. मास्किंग फ्लुइड कागदावर एक दिवसाहून जास्त ठेवू नका. उन्हाळ्यात ते कागदाची साल घेऊन निघतं. आकृती मात्र फ्लुइडनं झाकू नका. तिची कड इतकी धारदार येते की ती चिकटवल्यासारखी दिसते. आकृतीची कड ब्रशनंच सांभाळा.

दुसरा हात क्षितिजाकडे, पर्मनंट रोझ अगदी विरळ. त्यानंतर निळे. आकृतीजवळ कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन, कडेच्या बाजूला इंडिगो किंवा प्रशियन ब्लू. यामागे कारण आहे: कोबाल्ट आणि अल्ट्रामरीन ओल्या ब्रशनं उचलता येतात, प्रशियन आणि थॅलो ब्लू कागदात मुरतात आणि निघत नाहीत. उजेड नंतर उचलायचा असेल त्या जागी मुरणारा रंग गेला की काम संपलं. प्रशियन ब्लूचे फार विरळ हात उजेडात फिके पडतात, म्हणून तो दाट भागापुरताच ठेवा.

असे पाच-सहा हात, प्रत्येक पातळ. एकाच दाट हातात काळोख आणायला गेलात तर तो रंगवलेल्या भिंतीसारखा बंद दिसतो. पातळ थरांतून खालचा सिएना थोडा झिरपत राहतो, खोली त्यातूनच येते. दोन हातांमध्ये कागद पूर्ण वाळलेला हवा. साधारण अर्धा तास लागतो, पावसाळ्यात किनारपट्टीवर दोन तासही. हाताची मागची बाजू कागदाजवळ धरा, गार लागलं तर कागद अजून ओला आहे. अर्धवट ओल्यावर दुसरा हात गेला की फुलकोबीसारखे कडांचे डाग येतात आणि ते झाकता येत नाहीत. ड्रायर वापरायचाच असेल तर ३० सेंमीवरून, मंद.

आकृतीपासून ५-६ मिलिमीटरवर रंग थांबवा आणि स्वच्छ दमट ब्रशनं तो कडेपर्यंत ओढून न्या. त्यामुळे तिच्या भोवती रंग आपोआप विरळ होतो आणि वेगळ्या तेजोवलयाची गरज राहत नाही. पण हे सगळीकडे करू नका. चेहरा, पुढचा हात आणि एक पाऊल एवढ्या तीन जागी गडद रंग थेट कडेला भिडू द्या. बाकी कड रात्रीत विरघळू द्या. चित्रातलं सगळं कौशल्य या एका टप्प्यात आहे. सराव करायचा तर इथंच करा, वेगळ्या कागदावर, नुसत्या हाताचा आणि चेहऱ्याचा.

अधिक धुकं हवं असेल तर बंगालच्या चित्रकारांची वॉश पद्धत आहे. जपानी चित्रकार योकोयामा तायकान १९०३ मध्ये कोलकात्यात आले होते, त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ टागोरांनी ती घडवली. त्यांच्याच देखरेखीखाली केलेली ३२ चित्रं १९१३ साली निवेदिता आणि कुमारस्वामी यांच्या पुराणकथांच्या पुस्तकात आली. पद्धत अशी: रंग पूर्ण वाळला की कागद स्वच्छ पाण्यात एक-दोन मिनिटं बुडवायचा, निथळू द्यायचा आणि दमट असतानाच अतिशय विरळ रंगाचा हात सगळीकडून फिरवायचा. सुटा रंग पाण्यात जातो, उरलेला कागदात बसतो, कडा मऊ होतात. यासाठी कागद फळीवरून काढावा लागतो, म्हणून ही पद्धत वापरायची की नाही ते सुरुवातीलाच ठरवा.

आकृतीवर शेवटी, आणि फार थोडं. छाया कोबाल्ट, रॉ सिएना आणि रोझचा कण यांची, टोन ३० टक्क्यांपेक्षा गडद नाही. गालावर गुलाबी नको. छाया एका बाजूला न घालता खालच्या भागांना आणि घड्यांत घाला, म्हणजे उजेड तिच्यातूनच येतोय असं वाटतं. सोनेरी रंग मूळ चित्रात नकोच. स्कॅनमध्ये तो मातकट तपकिरी होतो. सोनं हवंच असेल तर छपाईत पॅन्टोन ८७१ या तयार सोनेरी शाईचा वेगळा पाचवा रंग द्या. खर्च वाढतो, म्हणून बहुधा मुखपृष्ठापुरताच.

छपाईत हे सगळं एका झटक्यात बिघडू शकतं. स्कॅन ६०० डीपीआय, १६ बिट. सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शायांत) निळी रात्र जांभळी होणं हा नेहमीचा त्रास. गडद निळ्या भागात मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. एकूण शाई (चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आत, मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, २५० च्या आसपास. मॅपलिथो शाई पितो, ठिपके पसरतात आणि तुम्ही पाच-सहा हातांत मिळवलेल्या पायऱ्या दोनच उरतात. पुस्तक मॅपलिथोवरच होणार असेल तर जुन्या प्रकाशकांची वाट धरा: चित्रं १३० जीएसएम मॅट आर्ट पेपरवर वेगळी छापून घ्या आणि फक्त वरच्या कडेला ३ मिलिमीटर खळ लावून चिकटवा. चारही कडांना खळ लावली तर दोन्ही कागद वेगवेगळे आक्रसतात आणि पान वळतं. दोन्ही कागदांचे धागे (तंतूंची दिशा) उभे, पाठीला समांतर आहेत का, हे बाइंडरला आधी विचारा.

प्रूफ (छपाईआधीचा नमुना) दिवसाच्या उजेडात पाहा. आधी चेहरा पाहा, आकाश नंतर. चेहरा पिवळा आला असेल तर संपूर्ण चित्राचा रंग बदलू नका, फक्त उजळ भागातला पिवळा ५ टक्क्यांनी उतरवून नवं प्रूफ मागा. चेहऱ्याभोवतीचा गडद भाग राखाडी आला असेल तर तिथं थोडा काळा द्या, आणि आकृतीवर काळ्याचा एकही ठिपका राहणार नाही हे छपाईवाल्याला लेखी कळवा.